उन्हाने खाल्लेला पाला

सावलीतला वाळका पाला कोरड्या ऋतूत जवळजवळ जसाच्या तसा पडून राहतो. उघड्या अंगणातला मात्र फिकुटतो, झिरझिरीत होतो, बोटांत धरताच त्याचा भुगा होतो. हे आपणही पाहिले असेल. ओल नाही, बुरशी नाही, गांडुळे नाहीत; मग पाला जातो कुठे? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी माझ्या धाकट्या भावाच्या माथी मारले. म्हणून मी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना माझ्या मागची व्यवस्था येथे लिहून ठेवत आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या मुलीस.

२. सूक्ष्मदर्शक व नाजूक तराजू शाळेस. शेजारच्या डॉक्टरांनी नेलेली शिडी त्यांनाच. मागून मागून माझी जीभ झिजली.

३. अंगण. येथे मी जाळीच्या पिशव्यांत वजन केलेला पाला भरून काही सावलीत, काही उन्हात ठेवल्या होत्या. उन्हातल्या हलक्या भरल्या. ओलीवाचून कुजणे नाही, हे मीच शिकवत आलेली. तेव्हा पाला कोणीतरी काढला, असे ठरवून टाकले. पलीकडच्या घरात भाऊ खुराड्यात पाला अंथरी. त्याच्या नव्या सुनेसमोर मी त्याला चोर म्हटले.

"ताई, तुझा पाला मी कशाला खाऊ? शेळी आहे का मी?" तो म्हणाला. सून हसली नाही. मी दोन घरांमधले दार खिळे ठोकून बंद केले.

पुढच्या उन्हाळ्यात पिशव्या कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवल्या. उन्हातल्या पुन्हा हलक्या! कारण किती सुंदर आहे पाहा: पानाला ताठ ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य प्रकाश शोषते आणि तुटते; थोडा भाग वायू होऊन निघून जातो, उरलेला पुढे ओल आली की जिवाणूंना सोपा घास होतो. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी तोंड लपवावेसे वाटले. खिळे मात्र मी काढले नाहीत. आजही ते तिथेच आहेत, याची लाज वाटते. सबब अंगण भावास द्यावे व माझ्यामागे सुताराने दार उघडावे.

४. दुरुस्ती. साक्षीदार म्हणून सहीसाठी बोलावलेला सुतार दुसरा साक्षीदार म्हणून भावालाच घेऊन आला. वकीलबाईंनी वरील मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवला. मी मान वर केली नाही.

"तू गेल्यावर त्या दारातून मी कोणाकडे येऊ?" भावाने विचारले.

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. सही केलीत तर अंगण जाईल."

"जाऊ द्या. सुतारदादा, पक्कड आणलीय ना?"

खिळे निघाले. मला त्याच्याकडे पाहणे अजून जमलेले नाही. अंगण आता त्याच्या सुनेस द्यावे. माझा तो आरोप ऐकून घेणारी तीच होती.

५. माझ्या वारसांपैकी कोणास शंका असल्यास वर्तमानपत्राचा एक कागद कोरड्या उन्हात पसरावा. अर्ध्यावर जाड पुठ्ठा ठेवून वर दगड ठेवावा. काही दिवसांनी पुठ्ठा उचलावा. झाकलेला भाग पांढरट असेल, उघडा पिवळा पडलेला. कागदातही लिग्निनच असते. तो पिवळा भाग नीट पाहावा, आणि कागदाला कोणी हात लावला, असे कोणालाही विचारू नये.

सही: थोरली बहीण
साक्षीदार: १. सुतार  २. धाकटा भाऊ
स्थळ: मधल्या दाराजवळचे टेबल
दिनांक: ११ एप्रिल