तिसऱ्या कपाटाचे वाचक

४ फेब्रुवारी

नवीन ग्रंथपालांनी आज फर्मान काढलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "पाच वर्षांत ज्या पुस्तकावर तारखेचा शिक्का नाही, ते एकतीस मार्चला रद्दीत!" म्हणजे तिसरं कपाट – जगाचा इतिहास, अर्थकारण, आधुनिक जीवन. कादंबऱ्यांना धक्का नाही, त्यांच्यावर शिक्क्यांना जागा पुरत नाही.

तेवीस वर्षं या वाचनालयात बाइंडिंग करतेय. त्या कपाटातलं एकूण एक पुस्तक मी दोऱ्याने शिवलंय, खळ लावलीय, पुठ्ठा चढवलाय. वाचलं एकही नाही, ते सोडा. पण रद्दीत जाऊ देणार नाही म्हणजे नाही!

५ फेब्रुवारी

युक्ती सुचली. नवरा आणि सासूबाई, दोघांनाही सभासद करून टाकलं. नवऱ्याने न बघता सही केली (लग्नाच्या वेळीही असंच केलं असणार). सासूबाई म्हणाल्या, "चष्मा दे. वाचल्याशिवाय मी सही करत नाही." बावीस वर्षं भाजीचा गाळा चालवलाय, उगीच नाही.

माणशी दोन पुस्तकं. नवऱ्याला इतिहास, सासूबाईंना अर्थकारण, मला आधुनिक जीवन. दर तिसऱ्या दिवशी बदलायची. पुस्तकं एकशे चौदा. बसतं गणित!

११ फेब्रुवारी

ग्रंथपाल : "तुमच्या मिस्टरांनी सातशे पानं तीन दिवसांत वाचली?"

मी : "झोप कमी आहे त्यांना."

घरी येऊन बघते तर मिस्टर छातीवर रोमन साम्राज्य घेऊन घोरतायत.

१५ फेब्रुवारी

गणित फिसकटलं. सासूबाई पुस्तक परत देईनात! "अर्धं झालंय. अर्धवट टाकायची सवय तुमच्या पिढीला." वर पेन्सिलने समासात लिहितायत! शेअर घेऊन वीस वर्षं ठेवा, असं लेखक म्हणतो, त्यासमोर – "हा कधी टोमॅटो विकायला बसला नाही." वाचनालयाचं पुस्तक! मी खोडरबर घेतलं तर माझ्या हातावर चापट.

१६ फेब्रुवारी

मग मीही वाचायला घेतलं. आधुनिक जीवन, प्रकरण तिसरं : ठामपणे नाही म्हणायला शिका. लगेच प्रयोग. सासूबाईंनी चहा मागितला.

मी म्हणाले, "नाही."

"काय?"

"नाही म्हणजे... नाही का, आलं घालून आणते!"

प्रकरण तिसरं पुन्हा वाचायला हवं.

२६ फेब्रुवारी

ग्रंथपालांनी नवऱ्याला भर दारात गाठलं. "एवढा इतिहास वाचताय, कुठलं युद्ध आवडलं?" माझा जीव टांगणीला. नवरा शांतपणे म्हणाला, "जे लवकर आटपलं ते." ग्रंथपालांनी मान डोलावली! फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, पण वेळ मारून न्यावी तर त्याने.

१० मार्च

सासूबाई एकच पुस्तक धरून बसल्यायत, त्यांच्या वाटणीची मी माझ्या कार्डावर काढते. रोज दोन न्यायची, दोन आणायची. खांदा गेला. पण ब्याऐंशी झाली.

१९ मार्च

एकशे तेरा! उरलं ते सासूबाईंच्या उशाला, त्यावर शिक्का आहेच. जिंकले!

२१ मार्च

कार्यकारिणीची बैठक झाली. ग्रंथपाल माझ्याकडे हसत आले – "तिसऱ्या कपाटाला काय मागणी आहे! कार्यकारिणी खूश. आता वाचकांना त्या जुन्यापुराण्या प्रती कशाला द्यायच्या? सगळ्या रद्दीत घालू, कोऱ्या आणू. तीस तारखेच्या सर्वसाधारण सभेत ठराव."

करायला गेले एक!

जुन्यापुराण्या म्हणे. माझी शिवण उकललेली दाखवा एक तरी! खळीच्या भांड्यासमोर बसून रडले. सहा आठवडे धावले ती त्यांच्याच रद्दीची तयारी केली. आणि वाईट याचं वाटतं, की इतिहासाचा पहिला खंड आत्ता कुठे मला आवडायला लागला होता.

२२ मार्च

घरी सांगितलं. नवऱ्याने पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी लिहिलेलंही रद्दीत?" होय म्हटलं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. हे जास्त भीतीदायक.

३० मार्च

सभेला सासूबाई आल्या! कार्ड हातात – "सभासद आहे. बोलू द्या." अध्यक्षांनी नमुन्याची कोरी प्रत दाखवायला आणली होती. सासूबाईंनी ती घेतली, दोन्ही पुठ्ठे धरून वांगं तपासावं तशी दाबली, आणि मधोमध फाकवली. कर्रर्र! पानं अध्यक्षांच्या मांडीवर.

"डिंकाने चिकटवलंय हे. आता हे धरा." सासूबाईंच्या उशाचं पुस्तक, मी शिवलेलं. फाकवलं, उलटं धरलं, झटकलं. एक पान हललं नाही. "माल दाबून बघितल्याशिवाय घेत नसतात. एवढंही ठाऊक नाही आणि कार्यकारिणीवर बसलायत!"

सभागृहात हशा. ठराव बारगळला. कपाट राहिलं! घरी येताना मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवून घेतला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच.

३१ मार्च

कार्यकारिणीवरच्या रिकाम्या जागी सासूबाईंची बिनविरोध निवड झाली. बाइंडिंग विभाग त्यांच्याकडे. संध्याकाळी चहाचा कप घेता घेता म्हणाल्या, "उद्यापासून नऊच्या ठोक्याला यायचं. घरी सासूचं करायचं असतं, ही सबब चालणार नाही."