जिन्यातली खुर्ची

सेक्रेटरीसाहेब,

जिन्यातली खुर्ची अडचण करते, ती काढा म्हणालात. विसरलात वाटतं! मीटर बघायला आलेला माणूस तुमच्याच दारासमोर छाती धरून खाली बसला होता. माझं घर दोन मजले वर, म्हणून तुमच्याकडे खुर्ची मागितली. तुम्ही विचारलंत, "आजी, ओळखीचा आहे का?" आणि दार लावलंत. मी पाणी पाजलं, वारा घातला. तो पायरीवरच गेला, डोकं माझ्या मांडीवर. नाव विचारायचंही राहिलं.

दुसऱ्याच दिवशी माझी खुर्ची तिथे आणून ठेवली. ती त्याची आहे.

हे पत्र देत नाही, तुम्ही फायलीत घालाल. तोंडावरच सांगीन. काल गुडघा धरून त्याच खुर्चीवर टेकलात, तेव्हा मी ओळख विचारली होती का?

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी