ब्याण्णव किलो, बुटांसकट

४ जानेवारी
फ्लाइंग क्लब काढायचा ठरला. ठरवणारे तिघं: मी, कॅप्टन आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. कॅप्टन तीस वर्षं विमानं चालवून निवृत्त झाले, आता त्यांना घरात बसवत नाही. विमान हलकं, दोन सीटचं, सेकंडहँड. शहराबाहेर गवताची धावपट्टी भाड्याने मिळाली आहे. मी सेक्रेटरी. एकोणीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, तेव्हा कागद चोख राहतील, असं कॅप्टन म्हणाले.
हिला सांगितलं. म्हणाली, आधी धाप न लागता जिना चढून दाखवा.

१९ जानेवारी
कॅप्टननी हिशोब समजावला. विमान, पेट्रोल आणि माणसं मिळून सहाशे किलो. त्यावर काही नाही. टाकी भरली की दोन माणसांसाठी उरतात एकशे ऐंशी. ते स्वतः अठ्ठ्याऐंशी, म्हणजे मला ब्याण्णव. वजन जास्त असलं तर काय, असं विचारलं (सहज, एखाद्या सदस्यासाठी). म्हणाले, काही नाही, पेट्रोल कमी भरायचं. फक्त आकडा खरा सांगा, बाकी माझ्यावर सोडा.
आजचं वजन १०८. उद्घाटन १४ एप्रिलला. सोळा किलो, बारा आठवडे. सहज.

२ फेब्रुवारी
कॅप्टननी भंगारातून धान्याचा काटा आणून शेडमध्ये ठेवला. उडण्याआधी प्रत्येकाने त्यावर उभं राहायचं म्हणे. शिक्का पाहिला, चार वर्षांपूर्वीचा. पडताळणी न झालेला काटा वापरू देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. गेल्याच आठवड्यात वीस ग्रॅमसाठी एका भाजीवालीचा काटा जप्त केला. ती रडली, मी विरघळलो नाही. इथे विरघळलो तर तिच्यावर अन्याय होईल.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग तुम्हीच मारा ना शिक्का. आपल्याच क्लबच्या काट्यावर आपणच? छे.
काटा बाहेर काढला. त्याऐवजी वही ठेवली. प्रत्येकाने आपलं वजन स्वहस्ते लिहून सही करायची. कॅप्टन म्हणाले, अहो, काटा बरोबर आहे, मी तपासलाय. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.
हा निर्णय मी स्वतःच्या सोयीसाठी घेतला का? अर्धा तास प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

९ मार्च
सकाळी चालणं सुरू. (दोन दिवस झालं, मग गुडघा.) १०७.४. उतरण लागली आहे.

२ एप्रिल
वही भरली. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: ६१.५, बुटांसकट. म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब, तुमचाच रकाना कोरा? सगळे बघत होते. लिहिलं: ९२, बुटांसकट. सही केली.
हे खोटं नाही. उद्घाटनाच्या दिवशी जे वजन असेल ते आगाऊ लिहिलं, इतकंच. सकाळी घरी १०८.२ दिसलं, पण घरच्या काट्याची पडताळणी झालेली नाही. तो पुरावा होत नाही.
नवं जॅकेट घालून पाहिलं. चेन छातीखालीच अडली. ही म्हणाली, ओढू नका, तिचा काय दोष?

१३ एप्रिल
१०८. आजच सांगायचं ठरवून शेडवर गेलो. कॅप्टन बनियनवर, विमानाची काच पुसत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, उद्या पहिला मान तुमचा. मग जुनं एक गाणं गुणगुणायला लागले. अशा माणसाला पोटाचा विषय कसा काढायचा?
उद्या टाकी भरण्याआधी सांगायचं. नक्की.

१४ एप्रिल, सकाळी ११.४०
टाकी त्यांनी पहाटेच भरून ठेवली. आता सांगितलं तर उपसावी लागेल, पाहुणे उन्हात ताटकळतील. सोळा किलो म्हणजे काय, पाहुण्यांपैकी एकीच्या कडेवर तेवढं पोर आहे. कॅप्टननी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वही पाहिली. ब्याण्णव ना? मी म्हणालो, लिहिलंय ना. म्हणाले, झालं तर मग, वजनमापे खात्याचा माणूसच लिहितोय.
ते हेडफोन आणायला गेलेत. तेवढ्यात हे लिहून ठेवतो. उतरल्यावर शांतपणे सांगेन.

५ मे
हॉस्पिटल. उजवी मांडी मोडली. जबडा दोन ठिकाणी, दातांना तार बांधून तोंड बंद केलंय. सगळं खाणं नळीने, पातळ.
विमानाने जमीन सोडली, पण उशिरा. पट्टीच्या टोकाला झाडांची रांग होती.
कॅप्टन सहा दिवस जगले.
आज त्यांच्या पत्नी भेटायला आल्या. शुद्धीवर असताना ते एकच बोलत होते म्हणे: माझं गणित कुठे चुकलं? उशाशी कागद घेऊन बेरजा करत होते. म्हणाल्या, भाऊजी, तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक ओरखडा नाही, आता चौकशीवाले त्यांचीच चूक म्हणतायत. तुम्ही तर शेजारी बसला होतात. असं कसं झालं?
तारेमुळे बोलता आलं नाही. लिहायची पाटी उशाशी होती. हात दुखत होता. थोडा.
संकल्प: तार निघाली की पहिलं वाक्य त्यांना.

१८ जून
तार निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन काढली. हात धुतले, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, बोला आता.
मी पाणी मागितलं.
त्यांनी पेला भरून हातात दिला, रिकामा होईपर्यंत थांबल्या. मग गेल्या.

२१ जून
चौकशी अधिकारी आले. सभ्य माणूस, कागद नीट लावलेले. बरोबर कॅप्टनच्या पत्नी. त्यांना समोर ऐकायचं होतं. अधिकाऱ्यांनी वही उघडून माझ्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाले, एक औपचारिकता. वॉर्डातला काटा मागवला. मला दोघांनी धरून उभं केलं, पायात बूट घालून.
ब्याण्णव.
अधिकारी म्हणाले, इथे उतरलं असेल ना थोडं? ही खिडकीशी होती, तिची पाठ माझ्याकडे. मी उत्तर अगदी काळजीपूर्वक निवडलं. म्हणालो, इथलं पातळ खाणं पौष्टिक आहे.
त्यांनी लिहून घेतलं. वहीतली नोंद बरोबर, वैमानिकाचा अंदाज चुकला. कॅप्टनच्या पत्नींनी मान हलवली, मला म्हणाल्या, तब्येतीला जपा भाऊजी. ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेली ती अजून आलेली नाही.
मी खोटं बोललो का? एकही शब्द खोटा नाही. आकडाही आता खरा आहे.
सगळे गेल्यावर काट्याचा शिक्का पलंगावरूनच वाकून पाहिला. चालू वर्षाचा आहे.