खैतानच्या परसातल्या तिसऱ्या मधपेटीची तजवीज

मी, सौ. सुनंदा राजाभाऊ निफाडकर, वय एकसष्ट, धंदा परिचारिका, मूळ नाशिकची, सध्या राहणार खैतान, कुवेत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं शाबूत आहे, आणि कुणाच्या दडपणाखाली येण्याचा माझा स्वभाव नाही, हे अख्खा वॉर्ड सांगेल.

१. नाशिकचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक चिरंजीव नचिकेत, मुक्काम एडमंटन, कॅनडा, याला मिळावी. माझे पती श्री. राजाभाऊ यांना फ्लॅटमध्ये हयातभर राहण्याचा हक्क राहील. बाल्कनी बंद करून घेण्याचा राहणार नाही.

२. नणंद सौ. तारा यांनी माझा मध म्हणजे गुळाचं पाणी असल्याचं चारचौघांत सांगितलं होतं. त्यांना बोरीच्या मधाची एक बाटली द्यावी. ती त्यांनी चारचौघांतच उघडावी.

३. जाळीची टोपी, हातमोजे व माशांना धूर द्यायचं धुराडं आमचे वॉचमन महबूब यांना. घरमालकाकडे माझ्या मधमाशांची तक्रार गेली तेव्हा, माशी चावून एक डोळा सुजून बंद झालेला असताना, त्यांनी "कौनसी मक्खी, साब?" असं विचारलं होतं. एवढी निष्ठा मला घरात मिळाली नाही.

४. मधपेट्या. मूळ तीन होत्या. दोन कशा गेल्या त्याची नोंद इथे व्हायलाच हवी. नचिकेत तिकडे अंगणात माशा पाळतो. उणे तीस तापमान, म्हणून तो पेट्यांना काळं पांघरूण बांधतो. त्याने हौसेने फोटो पाठवला. आमचे हे रिफायनरीत चौतीस वर्षं पाइपांवर इन्सुलेशन चढवून निवृत्त झालेले. जानेवारीत इथला पारा सहा अंशांवर आला आणि यांच्या अंगात आलं. मी ड्युटीवर असताना यांनी दोन पेट्यांना ग्लासवूल गुंडाळलं, वरून पत्रा ठोकला, आणि दमट हवा जायला झाकणाला मी ठेवलेलं भोक सिलिकॉनने बुजवलं. "लीक होती, बंद केली," म्हणाले. आतल्या आत पाणी सुटलं, बुरशी धरली, माशा भिजून मेल्या. अहो, माशा थंडीपेक्षा ओलीने मरतात! तिसरी पेटी वाचली, कारण ग्लासवूल संपलं. नचिकेत "बाबा, सीरियसली?" एवढंच म्हणाला.

मी अकरा दिवस यांच्याशी बोलले नाही. त्याच रागात या कलमाचा पहिला मसुदा लिहिला: तिसरी पेटी सुलैबियाच्या मधवाल्याला द्यावी आणि यांनी तिच्या दहा फुटांच्या आत फिरकू नये.

तो मसुदा मी रद्द करते. परवा रविवारी सकाळी माझा स्टेथोस्कोप जागेवर नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर हे परसात गुडघे टेकून तो पेटीला लावून ऐकत होते. मग वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी वही चोरून वाचली. बत्तीस सकाळींची नोंद, आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा: "आवाज चालू. कशालाही हात लावला नाही." मेलं, मला रडूच आलं.

सबब तिसरी पेटी, राणीमाशीसकट, माझ्यामागे श्री. राजाभाऊ यांचीच. उन्हाळ्यात तिला सावली आणि पाणी करावं. मी परत आले नाही, तर सकाळी उठून कान लावायला यांच्यापाशी काहीतरी जिवंत असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

५. साक्षीदार. सही करायला हे मघापासून चष्मा लावून बसले होते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला. मी नुसतं "तुमची सही नको" म्हणाले. माझा राग अजून गेला नाही असं समजून ते चहा तसाच टाकून परसात जाऊन बसलेत. गुरुवारी शुद्धीवर आले तर खरं कारण मीच सांगेन. नाही आले, तर शलाका, तू साक्षीदार आहेस, हे कलम त्यांना त्याच दिवशी वाचून दाखव.

सही: सुनंदा राजाभाऊ निफाडकर

सुनंदाताईंनी आमच्यासमोर, डोळे पुसून सही केली:
शलाका चांदवडकर, परिचारिका, खैतान
परीक्षित ओझरकर, इंजिनिअर, मंगफ

खैतान, कुवेत
२७ फेब्रुवारी २०२४