किनाऱ्यावर गेलेल्यांची वही

१२ ऑक्टोबर १९४२

फाटकावरची वही आजपासून माझ्याकडे. नौदलाचा हा तळ आहे पक्क्या जमिनीवर, पण सगळे त्याला जहाजच म्हणतात. फाटकाबाहेर पडला की माणूस ‘किनाऱ्यावर’, आत आला की ‘जहाजावर’. दोनच रकाने. चुकण्यासारखं काही नाही, तरी तीनदा तपासलं. बाबांनी दीपगृहाच्या बेटावर मला अक्षरं शिकवली ती त्यांच्या नोंदवहीवरूनच – दिसलं तेवढंच लिहायचं. गावच्या शाळेत मी कधी गेलेच नाही.

१५ ऑक्टोबर

मंगळवारी आखातात गेलेली गस्तीची बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. कोणी वाचलं नाही. बाहेर शब्द काढायचा नाही, असा हुकूम आहे.

दुपारी गावातल्या ल हुकेकाकू फाटकावर आल्या. हातांना मासळीचं मीठ तसंच.

“पोरी, बोट आली नाही म्हणतात. माझा फिलिप होता का गं तिच्यावर?”

वही पाहिली. फिलिप ल हुके, मंगळवार, संध्याकाळी पाच, बाहेर. परतल्याची सही नाही. म्हणजे बोटीवर नव्हता!

“तो किनाऱ्यावर आहे, काकू.”

त्यांनी फाटकाचा गज धरला. “नक्की किनाऱ्यावर?”

“तशी नोंद आहे.”

“मिळाला तरी. त्याच्या बापाचं तेवढंही नशीब नव्हतं.”

आनंदाने काहीतरीच बोलतायत, असं वाटलं. दिवसभर हलकं वाटत होतं.

१६ ऑक्टोबर

काकूंनी फिलिपचा काळा सूट इस्त्री करून आणून दिला. गावचाच पहारेकरी दूसे म्हणाला, “गड्याचं लग्न ठरलं वाटतं! आम्हाला आमंत्रण नाही ते?” मी चिठ्ठी लावली – ‘रजेसाठी’.

१७ ऑक्टोबर

तापाने पडलेला एक खलाशी आज उठून बसला. त्याच्या जागी फिलिप गेला होता म्हणे. बोटीवरच्यांनी गावातच गाठलं त्याला, आणि गावाच्या धक्क्यावरूनच तो बोटीत चढला. फाटक लागलंच नाही वाटेत. वही खोटी नाही. तरी खोटी आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमागे खड्डा खणलाय. फिलिपसाठी.

दूसेला विचारलं, काकूंना कळलं कसं? तो माझ्याकडे बघतच राहिला. “तूच सांगितलंस ना? अगं, आमच्यात जिवंत माणूस घरी येतो. किनाऱ्यावर येतो तो बुडालेला. तो सूट घालून प्रेत कधी देताय, म्हणून ती थांबलीय.”

प्रेत नाहीच. सूट अजून माझ्या टेबलामागे टांगलेला आहे. उद्या जाऊन सांगणार. हुकूम गेला खड्ड्यात.

१९ ऑक्टोबर

गेले. वाटेत वाक्य घोकलं होतं. दारातच म्हणाले, “काकू, माझी चूक झाली. फिलिप किनाऱ्यावर नाही.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “नाही? किनाऱ्यावर नाही? अगं, मग जिवंत आहे म्हण ना!”

मी सूट पुढे केला. तो त्यांनी छातीशी धरला आणि त्या हसल्या. पुढचं वाक्य माझ्याकडे होतं. ते मी बोलले नाही.

२० ऑक्टोबर

खड्डा बुजवला. फिलिप आला की काकू मला जेवायला बोलावणार आहेत.