बाबा कुणाकडे बघून हसताहेत?

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग घालायची सवय मोडली आहे, तेव्हा हा कोरडाच गोड मानून घे.

मी बरी आहे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं, जिना जपून चढ. बाबा गेल्यावर तू माझ्याकडून स्टुडिओच्या किल्ल्या परत मागून घेतल्यास, त्यानंतरचं तुझं हे पहिलंच पत्र. फोन केला असतास तर माझा आवाज ऐकावा लागला असता, म्हणून पत्र. समजलं.

तर तुझा प्रश्न. चेहऱ्यांच्या रिटचिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेण्यात अर्थ आहे का? मी वर्षभर तेच वापरते आहे, म्हणून खरं ते सांगते. लग्नाचे, शाळेचे ढीगभर फोटो असतील तर जरूर घे. ते चेहरा आपोआप ओळखतं, मुरुम काढतं, डोळ्यांखालचं काळं उतरवतं, दात उजळतं. बाबांच्या हाताखाली आपण एका चेहऱ्यावर अख्खी दुपार घालवायचो, तेवढ्यात आता सगळा वर्ग आटोपतो. फक्त हात आखडता ठेव. परिणाम कमीजास्त करायची पट्टी शेवटपर्यंत ओढलीस की माणूस सोललेल्या अंड्यासारखा दिसतो. आणि तीळ त्याला डागच वाटतो. परवा एका आजींच्या हनुवटीवरचा तीळ असाच गेला, तर त्या म्हणाल्या, "अगं, ही तर माझी धाकटी जाऊ! मला परत आण बाई."

एखाददुसऱ्या फोटोसाठी मात्र घेऊ नये. आपलं नेहमीचं पुरतं.

पण तुला एकाच फोटोसाठी हवंय ना? पत्राच्या तळाशी, जाता जाता विचारल्यासारखं लिहिलंयस, "त्यात म्हणे माणसाची नजरही वळवता येते?" दादा, ताकाला जाऊन भांडं का लपवतोस?

तुझ्या दुकानाच्या दर्शनी काचेतला तो मोठा फोटो मी पाहिलाय. तुला न कळवता आले होते, रस्त्यावर उभी राहून पाहिला. नवा कॅमेरा आला त्या दिवशीचा. बाबा स्टुलावर, एका बाजूला तू, एका बाजूला जरा पुढे मी. टायमर लावून तू धावत आलास आणि खांबासारखा ताठ उभा राहिलास. मी म्हटलं, "बाबा, शर्टाची बटणं वरखाली लागलीत," आणि ते माझ्याकडे मान वळवून खळखळून हसले. तेवढ्यात फोटो निघाला.

आता तिथे मी नाही. माझ्या जागी पडदा आहे, आणि पडद्याची तीच चुणी तू तीनदा चिकटवली आहेस. बाबांनी पाठीत धपाटा घातला असता. खाली सोनेरी अक्षरांत "वडील आणि मुलगा". मी रडले बिडले नाही. तुझा गळा धरावासा वाटला, अजूनही वाटतो.

पुढचं वहिनीच फोनवर बोलून गेली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, बाबा कुणाकडे बघून हसताहेत? आणि तू सांगतोस, "तिकडे मांजर आलं होतं."

मांजर! तुझ्या दुकानातून बाहेर पडलेले निम्मे चेहरे जिच्या हातांखालून गेले, ती बहीण म्हणजे मांजर.

तर ऐक, सॉफ्टवेअर घेच. बुबुळं खरंच सरकतात, मी करून पाहिलंय. पण मान वळलेलीच राहते. तरी हवं तर त्यांना तुझ्याकडे बघायला लाव. जिवंतपणी ते तुझ्याकडे बघून असे कधी हसले नाहीत, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. आता पट्टी ओढ आणि घे ते हसू.

घाई मात्र कर. तुझ्या समोरच्या रांगेतलं, कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान मी भाड्याने घेतलंय. सोमवारी पाटी लागेल. मूळ फोटो माझ्याकडेही आहे, हे तू विसरलास. त्यातली नुसती मी, तुझ्या फोटोच्याच मापाची, माझ्या काचेत लावणार आहे. नेमकी कुठे, तेही ठरलंय. काल तुझं दुकान बंद असताना बाबांच्या नजरेची रेघ धरून रस्ता ओलांडला आणि माझ्या काचेवर खडूने खूण करून आले.

म्हणजे सोमवारपासून बाबा तुझ्या काचेतून हसतील आणि मी माझ्या. मधून जाणाऱ्या येणाऱ्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि त्याआधी नजर वळवलीस, तर रोज तो फोटो बघणारे विचारतील, "काय हो, मांजर गेलं वाटतं?"

सांग त्यांना, समोर राहायला आलंय.

तुझं,
मांजर