एकेचाळीस सेकंदांची तपासणी

४ मार्च, सोमवार

एकेचाळीस सेकंद! आज घड्याळ लावून पाच वेळा मोजले. पंप बंद करायचा, बॅटरी बदलायची, चालू करायचा – आणि औषधाचा पहिला थेंब पडेपर्यंत एकेचाळीस सेकंद. त्यातले एकोणतीस एकटी तपासणी खाते – पंप चालवणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल धड आहे का, याची.

नवे मॅनेजर टेबलाला टेकून उभे होते. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलणं मात्र साठीचं. "मॅडम, फाइल आपल्याच कंपनीत तयार होते ना? मग पंपात शिरताना तिची झडती कशाला? घरच्या माणसाला दारात अडवून खिसे तपासतो का आपण?"

मलाही तेच वाटतं. आणि दादामुळे जास्तच वाटतं. माझा सख्खा मोठा भाऊ नोव्हेंबरपासून आमच्याच कंपनीचा पंप कमरेला बांधून हिंडतोय. हृदयाला आधार देणारं औषध, चोवीस तास, थेंबाथेंबाने. रक्तात टिकत नाही ते. पंप थांबला की मिनिटभरात त्याला घेरी येते. आणि बॅटरी दिवसातून दोनदा बदलायची! हॉस्पिटलचं पत्रही आलंय – पंधरा सेकंदांच्या आत आणा.

तपासणी काढून टाकू. झालं!

५ मार्च, मंगळवार

काढण्यापूर्वी निदान वाचावी म्हणून उघडली. अकराशे ओळी, सगळ्या मास्तरांच्या. मास्तर म्हणजे आमचे जुने विभागप्रमुख, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. समोर फळा नसला तरी फळ्यावर लिहिल्यासारखे बोलायचे, म्हणून मास्तर.

अकराशे ओळींत शेरा एकच. "कुणावरही विश्वास नाही. माझ्यावरही."

सुरुवात अगदीच साधी. पहिले चार आकडे ठरलेले आहेत का, नसतील तर चालू पडा. मग – फाइल म्हणते की माझ्यात साठ नोंदी आहेत, तर खरंच साठ आहेत का? एखादी आज्ञा म्हणते, साठावी नोंद वाच. तर साठावी आहे का, की एकोणसाठावर संपतंय? शेवटच्या आज्ञेनंतर कचरा तर उरला नाही? काय चिकट माणूस! कीस काढणं म्हणतात ते हेच.

७ मार्च, गुरुवार

आज जेवणाची सुट्टी झाली कधी, संपली कधी, कळलं नाही.

मास्तरांची तपासणी प्रोग्रॅम चालवत नाही! एकही आज्ञा नाही. तरी तिला कळतं की तो कुठल्याही वाटेने गेला तरी कधीच खड्ड्यात पडणार नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही, कुठल्याही रुग्णाच्या अंगावर नाही.

मी सव्वीस वर्षं हेच काम करते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण आज बोट ठेवून एकेक ओळ खाली आले आणि अंगावर काटा आला. खरंच आला. शेजारची टेस्टर म्हणाली, "एसी कमी करू का?"

१० मार्च, रविवार

दादाकडे. संध्याकाळची बॅटरी वहिनींनी बदलली. मी घड्याळाकडे बघत होते, दादा माझ्याकडे. तीस सेकंदांनंतर त्याचे ओठ पांढरे पडले, बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सुटलं. वहिनींनी सवयीने पाठीला हात लावला. पंप टिकटिकला, रंग परत आला, आणि राहिलेलं अर्धं वाक्य त्याने पूर्ण केलं! मला हसूही येईना, रडूही.

मग म्हणाला, "तू दिवसभर करतेस तरी काय त्या ऑफिसात?"

सांगितलं. आम्ही लिहितो तो प्रोग्रॅम माणसाला वाचता येतो. कंपायलर, म्हणजे ऑफिसातला भाषांतर करणारा प्रोग्रॅम, त्याच्या बारीक बारीक आज्ञा करतो, त्याला बाइटकोड म्हणतात, आणि पंप तो चालवतो. चालवण्याआधी ती फाइल धड आहे का ते तपासतो. एक आज्ञा म्हणते, पुढच्या अमुक ठिकाणी उडी मार. ते ठिकाण म्हणजे दुसऱ्या आज्ञेची सुरुवात हवी. मधेच उडी पडली तर पंप अर्ध्या आज्ञेला पूर्ण आज्ञा समजून वाटेल ते करेल.

दादाने चौतीस वर्षं बस चालवली. म्हणाला, "म्हणजे गाडी डेपोतच उभी, आणि तुम्हाला सगळ्या रस्त्यांवरचे खड्डे माहीत?"

"सगळ्या."

"ज्या रस्त्याने गाडी कधी जाणारच नाही त्याही?"

"त्याही."

"काहीतरीच सांगतेस," दादा म्हणाला.

१२ मार्च, मंगळवार

आज मधला भाग समजला. लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल की स्वप्न पडलं.

प्रोग्रॅमला फाटे फुटतात. असं झालं तर इकडून, नाहीतर तिकडून. पुढे दोन्ही वाटा परत एकत्र येतात. तिथे तपासणी थांबते आणि दोघींना विचारते – तुझ्याकडे काय आहे, तुझ्याकडे काय आहे? दोघींचं जुळतं तेवढंच पुढे नेते. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे पत्ता, म्हणजे मेमरीतली जागा, असेल तर सरळ लिहिते – "माहीत नाही." आणि पुढे कुणी ते "माहीत नाही" वापरायला गेलं की फाइल परत!

वाट फिरून मागे आली तर? पुन्हा जाते. पुन्हा मागे आली तर पुन्हा. मला वाटलं, ही कधी संपायचीच नाही. पण दर फेरीला तिला माहीत असलेलं थोडं कमीच होतं, वाढत कधी नाही. आणि नुसतं कमीच होत जाणारं कुठेतरी थांबणारच. वाटा अगणित, आणि ही मोजक्या फेऱ्यांत घरी. दारात चप्पल काढून विसरलेल्या माणसासारखे होते आमचे मास्तर, आणि डोक्यात हे!

पण एकोणतीस सेकंद त्याच फेऱ्यांत जातात. दादाचे ओठ डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मग तिसऱ्या प्रहरी सुचलं. तपासणी काढायची नाही, ऑफिसातच करून घ्यायची! पास झाली की फाइलच्या वरच्या ओळीत शिक्का – "तपासली". पंपाने शिक्का बघायचा. दिसला की बाकी काही बघायचं नाही, सरळ चालू. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

१३ मार्च, बुधवार

बारा सेकंद!! मॅनेजरनी टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली. मंजुरीला दीड महिना लागेल म्हणे.

१४ मार्च, गुरुवार

लपवून काय करू, इथे तर लिहू दे. दीड महिना मला धीर निघाला नाही. अर्धी रजा टाकून दादाकडे गेले आणि बॅटरी बदलताना शिक्का बघणारा बदल आणि शिक्क्याची फाइल, दोन्ही त्याच्या पंपात घातलं. कुणाला विचारलं नाही. बाराव्या सेकंदाला थेंब! दादाचं वाक्य तुटलं नाही. वहिनींनी पाठीला लावायला उचललेला हात तसाच राहिला. म्हणाल्या, "झालं एवढ्यात?"

चुकीचं आहे हे माहीत आहे. भावासाठी केलं.

१७ मार्च, रविवार

दादा दोन जिने चढून आला! वर येऊन म्हणतो, "तुझ्या कंपनीचा मालक कोण, त्याला पेढे द्यायचेत." मी म्हटलं, आधी दम खा.

२२ मार्च, शुक्रवार

मास्तरांना भेटले. खरं तर फुशारकी मारायला गेले होते, कबूल करते. तिसऱ्या मजल्यावरची लहानशी खोली, खिडकीत दोन कुंड्या, डोळ्यांवर आता जाड भिंगं. मी आधी त्यांच्या तपासणीचं कौतुक केलं. दहा मिनिटं केलं, मनापासून केलं. ते नखं बघत बसले. मग मॅनेजरचं खिशांचं बोलणं आणि माझ्या शिक्क्याचं सांगितलं.

"शिक्का कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

"फाइलमध्ये, सर. वरच्या ओळीत."

"म्हणजे फाइलच सांगते की मी चांगली आहे."

माझा लॅपटॉप ओढून घेतला. एक रिकामी फाइल उघडली, वर "तपासली" लिहिलं आणि खाली डोळे मिटून दोन्ही हातांनी बटणं बडवली, पेटी वाजवल्यासारखी. सोबत नेलेल्या नमुन्याच्या पंपात फाइल घातली. बाराव्या सेकंदाला पंप चालू झाला. आणि मोटर सुसाट फिरायला लागली – थांबेचना! मी बॅटरी उपटून काढली.

"घरच्या माणसाचे खिसे तपासू नका," मास्तर म्हणाले, "पण घरचं आहे हे त्याच्या तोंडून ऐकून ठरवू नका. अगं, फाइल खोटारडी नसते. वाटेत मोडते, एवढंच. मोडली तरी शिक्का शाबूत."

त्यांना दादाचं सांगितलं नाही. तिथूनच तडक दादाकडे. म्हटलं, जरा एक गोष्ट सुधारायची आहे, तोवर जुनं राहू दे. पंपातली फाइल लॅपटॉपवर काढून घेतली आणि जुना प्रोग्रॅम, जुनी तपासणी, सगळं परत घातलं. एकेचाळीस सेकंद. ओठ पांढरे. वहिनींचा हात पुन्हा त्याच्या पाठीवर. आठ दिवस सुखाचे दाखवून मी परत काढून घेतले!

२५ मार्च, सोमवार

मास्तरांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "शिक्का घेऊ नकोस. पुरावा घे."

"म्हणजे, सर?"

"तुझा वेळ शोधण्यात जातो. वाटा मिळतात तिथे काय उरतं ते पंप स्वतः शोधत बसतो. ते कंपायलरला शोधू दे. त्याला वेळच वेळ आहे. त्याने प्रत्येक नाक्यावर चिठ्ठी लिहून ठेवायची, इथे दोन आकडे, एक पत्ता. पंपाने वरून खाली एकदाच वाचत जायचं आणि आज्ञांशी चिठ्ठी जुळते का बघायचं."

"आणि चिठ्ठीच खोटी असली तर?"

"तर जुळणार नाही!" फोन ठेवला.

२६ मार्च, मंगळवार

दिवसभर खोटी चिठ्ठी लिहून फसवायला बघितलं. एकही खपली नाही.

२ एप्रिल, मंगळवार

दोन सेकंद.

एकोणतीसचे दोन! पूर्ण तपासणी, एकही वाट न सोडता. पंप एकूण चौदा सेकंदांत चालू. चिठ्ठीवर काडीचा विश्वास न ठेवता चिठ्ठीचा उपयोग करून घ्यायचा, असं काही जगात असू शकतं हेच मला पटत नव्हतं. उत्तर शोधणं इतकं अवघड आणि दिलेलं उत्तर पडताळणं इतकं सोपं! कुणी केलं असं? आम्ही तर नाही केलं. ते आधीपासून तसंच होतं, आम्ही फक्त जाऊन पाहिलं.

मॅनेजरनी स्वतः घड्याळ लावून पुन्हा मोजलं. हे पहिल्यांदाच. मग म्हणाले, "मॅडम, मी काढून टाका म्हणालो होतो, ते कुठे लिहिलेलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. माझंही कुठे लिहिलेलं नाही, इथे सोडून.

मंजुरी मिळेपर्यंत या वेळी थांबणार आहे. दादालाही तसंच सांगितलं. "थांबतो की," म्हणाला. "बस चालवली आहे मी, सिग्नल कळतो."

४ एप्रिल, गुरुवार

नव्या तपासणीखालून हाताशी होत्या त्या सगळ्या फाइली घातल्या, जुन्या आणि नव्या, ज्यांत चिठ्ठी नाही त्यांत कंपायलरकडून घालून घेऊन. तीनशे बारा. तीनशे अकरा पास, एक नापास. वाटलं, माझीच काहीतरी चूक. दोन तास स्वतःच्या कोडमध्ये शोधत होते. शेवटी तीच फाइल मास्तरांच्या जुन्या तपासणीला दिली. तिनेही नाकारली, त्याच जागी.

मग फाइलचं नाव वाचलं. २२ तारखेला दादाच्या पंपातून काढलेली.

मूळ फाइलशी ताडून पाहिली: मी पंपात कॉपी करत असतानाच एक आकडा आपोआप बदलला गेला होता. उडी एका आज्ञेच्या मधोमध पडत होती. नळीत हवेचा बुडबुडा आला तर पंपाने ज्या वाटेने जायचं, त्या वाटेवर.

आठ दिवस ती त्याच्या कमरेला होती. त्या आठ दिवसांत बुडबुडा आला नाही. मॅनेजरना सगळं लिहून पाठवलं आहे. आता दादाकडे जाते, त्याच्या तोंडावर सांगायला.